गाढव धरलं का?

माझ्या वडिलांची बस शाळेत हरली, ही बातमी त्यांना पावाच्या रांगेत कळली. शेजारच्या इलियाने सांगितली.

"मिंको, तुला औषधवाल्यानं मागे टाकलं म्हणे. नववीच्या फळ्यावर. माझी पोरगी घरी येऊन सांगत होती."

वडील पाव न घेताच घरी आले. मी नववीतच होते, त्यामुळे पुढची चौकशी माझी झाली.

"काय लिहिलं होतं बाईंनी?"

"मिंको गर्बालोव्हची बस थांब्यावर उभी आहे," मी पाठ म्हटल्यासारखं म्हणाले. "त्याच क्षणी औषधवाल्या ल्युबेनची मोस्कविच मोटार ताशी चाळीसच्या एकसारख्या वेगानं शेजारून जाते. बस लगेच सुटते. ती मोस्कविचला कुठे गाठेल आणि गाठताना तिचा वेग किती असेल?"

"म्हणजे गाठते ना?"

"गाठते, पण वेग ऐंशी लागतो. बाई म्हणाल्या, ऐंशी काही मिंकोच्या बसला जमायचे नाहीत, तेव्हा लिहा, गाठत नाही."

आई चुलीवर मिरच्या भाजत होती. पाठमोरी राहूनच म्हणाली, "खरं तेच बोलली की बाई."

वडिलांनी टोपी घातली आणि सरळ शाळेचा रस्ता धरला. मी मागोमाग गेले, कारण घरी थांबले असते तर आईने मिरच्या सोलायला बसवलं असतं.

नेव्याना तोपुझोवा आमच्या बुकोवेट्सला पदार्थविज्ञान शिकवायला आल्या तेव्हा जेमतेम तेवीसच्या होत्या. मूळच्या समुद्रकाठच्या पोमोरीएच्या, वडील मिठागरात कामाला. त्या काळी शिक्षण संपलं की सरकार सांगेल तिथे तीन वर्षं जावं लागे. बाईंच्या वाट्याला आमचा बाल्कन डोंगराचा पायथा आला. तीन वर्षं भरली, परत जायची परवानगी आली, तर म्हणाल्या, दहावीचं त्वरण अर्धं राहिलंय, ते संपवते आणि निघते. ते त्वरण काही संपलं नाही. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी सगळं आयुष्य काढलं.

उंच, किडकिडीत बाई. मनगटावर पुरुषी घड्याळ आणि कोटाच्या उजव्या खिशापाशी कायमचा खडूचा डाग. आवाज कधी चढायचा नाही. पोरगं चुकलं की त्या फळ्यापासून दोन पावलं मागे सरायच्या आणि नुसतं बघत राहायच्या, मग पोरगं आपोआप पुसायला लागायचं.

पुस्तकातल्या गणितांत गाडी 'अ' आणि गाडी 'ब' असायच्या. आमच्यातल्या निम्म्या पोरांनी तोवर मोटारीत पाय ठेवला नव्हता. मोटारीसाठी नाव नोंदवलं की दहा-बारा वर्षं वाट बघायची, असा तो काळ. अ कोण आणि ब कोण, कुणाला काय पडलंय? म्हणून बाईंनी अ आणि ब पुसून टाकले आणि त्यांच्या जागी गाव आणला. डेअरीचा ट्रक डॉक्टरीणबाईंच्या साइडकारच्या मोटारसायकलला मागे टाकायचा. टपालवाल्याची सायकल उतारावर हेलकावत सुटायची आणि खाली पुलाशी नगराध्यक्षांची काळी व्होल्गा मोटार तिची वाट अडवायची. गणित सुटलं की पोरं घरी जाऊन निकाल सांगायची, आणि ज्याची गाडी हरली तो दोन दिवस बाईंना नमस्कार करायचा नाही.

वडील मात्र भांडायलाच आले होते. बाई प्रयोगशाळेत तराजू पुसत होत्या.

"बाई, गेली अकरा वर्षं मी गाब्रोवोची फेरी करतोय. मला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही."

"मीही ठेवलेलं नाही, मिंको. बसा. तुमची बस थांब्यावरून सुटली की चाळीसवर यायला किती सेकंद लागतात?"

वडील स्टुलावर टेकले. "लागतात तेवढे लागतात."

"मोजलं नाहीत कधी?"

"मी बस चालवतो बाई, चहा नाही उकळत."

"मग ऐका. ल्युबेन एकसारख्या वेगानं चाललाय. तुम्ही शून्यापासून निघालात. आधी तुम्ही त्याच्याहून हळू, म्हणजे मागे पडताय. नंतर त्याच्याहून जलद, म्हणजे भरून काढताय. जेवढं गमावलं तेवढं भरून निघेपर्यंत तुमचा वेग त्याच्या दुप्पट झालेला असतो. जोर कमी असो की जास्त, गाठताना दुप्पटच."

वडील विचारात पडले. "ऐंशीला माझ्या बसचं मागचं दार आपोआप उघडतं."

"तेच मी वर्गात म्हटलं."

"पण मी त्याला गाठतो. रोज गाठतो. आणि दार उघडत नाही."

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं. कुणी विरुद्ध बोललं की त्यांच्या चेहऱ्यावर एक भूक यायची, ती मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिली. "असं म्हणता? मग रविवारी मोजू या."

गावाबाहेर गाब्रोवोच्या दिशेला चिनाराच्या झाडांची सरळ रांग होती, दोन्ही अंगांना मक्याची शेतं. रविवारी तिथे अख्खा बुकोवेट्स लोटला. बाईंनी आदल्या दिवशी टेपने मोजून ठराविक झाडांना चुन्याचे पट्टे मारून घेतले होते. प्रत्येक पट्ट्याशी एक पोरगा किंवा पोरगी रुमाल घेऊन उभी. खेळाच्या मास्तरांची स्टॉपवॉचं आली होती. एका टोकाला गावचा शिपाई रस्ता अडवून उभा, दुसऱ्या टोकाला मास्तर लाल झेंडा घेऊन. आईने चीज भरलेल्या बनित्साची परात आणली होती आणि ती मोजमाप सुरू व्हायच्या आतच संपली.

मला बसमध्ये वडिलांच्या शेजारी बसवलं. काम एकच, काटा मोठ्याने वाचायचा.

औषधवाल्या ल्युबेनने लग्नातला कोट घातला होता. त्याची मोस्कविच आमच्या शेजारून गेली, बाईंनी हात खाली केला आणि वडिलांनी क्लच सोडला. बस कण्हली, हलली, निघाली. मी ओरडून वाचत होते. वीस. तीस. खिडकीतून रुमाल मागे जात होते. चाळीस. मोस्कविचची पाठ दूर दिसत होती, मग ती दूर जायची थांबली, मग हळूहळू मोठी होऊ लागली. पन्नासनंतर काटा रेंगाळायला लागला. वडिलांनी बस डाव्या अंगाला घेतली. अठ्ठावन्न. साठ. ल्युबेनचा कान दिसला, मग नाक. त्रेसष्ट.

"बघ, झ्लातिना," वडील म्हणाले. "ऐंशी कुठे लागले?"

आणि मक्यातून गाढवगाडी बाहेर आली.

शेतातली वाट तिथे रस्त्याला मिळत होती. दोन्ही टोकं अडवली होती, मधली ती वाट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. वेल्को आजोबा मक्याची कणसं लादून, वेळेत घरी जेवायला निघाले होते. गाढव रस्त्यावर आलं, आम्हाला पाहिलं आणि गाढवं करतात तेच केलं, थांबलं. वडिलांनी ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला. बस रस्त्यात आडवी वळली, चिनाराची एक फांदी काचेवर आपटली आणि आमचं नाक चारीत रुतलं. माझं कपाळ दांडीवर आदळलं. दार उघडलं, ते मागचं.

नंतर थोडा वेळ कणसं रस्त्यावर घरंगळत होती, तेवढाच आवाज. गाढव जागचं हललं नव्हतं.

वेल्को आजोबा खाली उतरले. बसकडे बघितलं, चुन्याच्या पट्ट्यांकडे बघितलं, रुमालवाल्या पोरांकडे बघितलं. धापा टाकत पळत आलेल्या बाईंना त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, हिशोबात माझं गाढव धरलं नव्हतं का?"

आधी इलिया हसला, मग शिपाई, मग सगळी रांग. सुटल्याचं हसू होतं ते. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्यापाशी आल्या आणि स्वतःचा रुमाल माझ्या कपाळावर दाबून धरला.

डेपोने वडिलांना महिनाभर बस धुवायला लावल्या. बाई स्वतः डेपोत जाऊन चूक आपली आहे असं सांगून आल्या, तर शाळेनेही त्यांना लेखी समज दिली. सोमवारी आम्हाला वाटलं, आज तास होणार नाही. पण त्या आल्या, आणि रुमालांच्या वेळांवरून त्यांनी फळ्यावर आलेख काढला. रेघ आधी ताठ चढत होती, नंतर वाकली होती.

"मिंको गर्बालोव्ह बरोबर होते," त्या म्हणाल्या. "पुस्तक धरून चालतं की जोर शेवटपर्यंत सारखा राहतो. खऱ्या बसचा जोर सुरुवातीलाच असतो, पुढे मंदावतो. म्हणून दुप्पट वेग लागला नाही. हे मी त्यांना सांगून येणार आहे." मग त्यांनी आलेखाच्या टोकाशी एक गाढव काढलं. चित्रकला बेताची, पण कानांवरून कळत होतं. "आणि मी चुकले ते इथे. पुस्तकातल्या रस्त्यावर दोनच गाड्या असतात. आपल्या रस्त्यावर नेहमी तिसरी असते. आजपासून ती दिली नसली तरी तुम्ही धरायची."

त्या दिवसापासून बुकोवेट्सच्या शाळेत मागे टाकण्याचं एकही गणित दोन गाड्यांचं राहिलं नाही. समोरून कुणीतरी येणारच. आणि कुणी घाईने उत्तर लिहून हात वर केला की बाई दोन पावलं मागे सरून एवढंच विचारायच्या, "गाढव धरलं का?" हा प्रश्न शाळेतून घराघरात गेला. कुणी विचार न करता लग्न ठरवलं, कुणी ओलं सरपण घेतलं, की गाव विचारायचा, गाढव धरलं होतंस का रे?

वडिलांशी त्यांची मैत्री त्या चारीतून सुरू झाली. वडील त्यांना आकडे आणून द्यायचे. भरलेली बस, रिकामी बस, ओला रस्ता, चढ. थांब्यावरच्या बाकावर दोघं बोझा या आंबूसगोड पेयाचे पेले घेऊन बसायचे आणि ब्रेकबद्दल बोलायचे, इतकं की गावाने थोडे दिवस कुजबुज केली. आईने ती एका वाक्यात संपवली. "तिला हवा असेल तर घेऊन जा म्हणावं," ती विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "पण त्याच्या मोज्यांसकट." आणि संध्याकाळी बाईंना जेवायला बोलावलं. पुढे दर गुरुवारी बाई आमच्याकडेच जेवायच्या.

बाईंनी मोटारीसाठी नाव नोंदवलं होतं ते मी शाळेत असताना. मोटार आली तेव्हा मला मूल होऊन ते बालवाडीत जात होतं. पिस्ता रंगाची झिगुली. बाई पंचेचाळीशी ओलांडलेल्या. चालवायला वडिलांनी शिकवलं. मी सुट्टीला आले की मागे बसायची आणि तो संवाद ऐकायची.

पुढे बीट भरलेला ट्रॅक्टर. आमच्या मागे सहा-सात गाड्या.

"बाई, आता जा."

"पुढचं दिसत नाही."

"दिसतंय की. पार चर्चपर्यंत दिसतंय."

"चर्चपर्यंत पुरत नाही."

"मनात गणित करताय का?"

"मग कशात करू?"

मागचे भोंगे वाजवायचे. वडील कपाळाला हात लावायचे. ज्या बाईने गावाला मागे टाकायचं शिकवलं, तिने स्वतः कधी कुणाला मागे टाकलं नाही. गाब्रोवोच्या बाजाराला जायचं तर त्या ट्रॅक्टरमागून जायच्या, आणि ट्रॅक्टरवाला ओळखीचा असेल तर उतरल्यावर त्याचे आभार मानायच्या.

मग किरिल गेला.

किरिल द्र्यान्कोव्ह त्यांचा लाडका विद्यार्थी. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला आलेला, फळ्यावर आकडे मांडायच्या आधी उत्तर सांगणारा. सोफियाला इंजिनिअरिंग शिकत होता. उन्हाळ्यात मित्राच्या मोटारसायकलवरून घरी येताना वळणावर त्याने एका टँकरला मागे टाकायचा प्रयत्न केला. समोरून दुसरा ट्रक आला.

किरिलचं घर वरच्या वाडीत, डोंगरात. बाई त्या दिवशी पहिल्यांदा एकट्या गाडी घेऊन गेल्या. वाटेत गवताचा ट्रक लागला तो वाडीपर्यंत पुढे होता, त्यामुळे पोचल्या तेव्हा गाडीच्या टपावर आणि त्यांच्या केसांत गवताच्या काड्या होत्या. किरिलच्या आईने दार उघडलं आणि आधी त्या काड्या वेचल्या. मग दोघी ओसरीवर बसल्या. हे मला किरिलच्या आईनेच पुढे सांगितलं. म्हणाली, "बाई म्हणाल्या, त्याला हे गणित येत होतं, स्तोयना. माझ्या सगळ्या पोरांत त्यालाच ते सर्वांत चांगलं येत होतं. मी म्हटलं, बाई, त्याला एकविसावं लागलं होतं. त्याला तुम्ही काय शिकवणार होता?"

शाळा सुरू झाल्यावर त्यांनी तो धडा घेतला नाही. पुढच्या वर्षीही नाही. गुरुवारी जेवायला यायच्या, सूप ढवळत बसायच्या. वडिलांनी एक-दोनदा बसचे आकडे काढले, तर म्हणाल्या, राहू दे मिंको.

शेवटी वडीलच बोलले. "बाई, मी एक विचारतो. रस्त्यावर मी कधी फळ्यावरचं गणित केलंय?"

"नाही."

"मग मी कसा वाचलो?"

"मला माहीत नाही."

"बघून. तीस वर्षं बघून. समोरून ट्रक येताना दिसला की माझ्या पोटाला कळतं, पुरेल की नाही. किरिलला डोक्यात येत होतं. पोटात उतरायला वेळच मिळाला नव्हता."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "ते शिकवता येतं का?"

"तुम्हाला विचारायला पाहिजे. मास्तरीण तुम्ही."

त्या वसंतात गावाच्या वरच्या टेकडीवर शाळेची पोरं दिसू लागली. तिथून खाली मुख्य रस्त्याचा लांब पट्टा दिसतो. गवतावर बसायचं आणि गाड्या बघायच्या. एखादी गाडी ट्रकच्या मागे आली, समोरून दुसरी येतेय, की बाई म्हणायच्या, "बोला." पोरांनी लगेच ओरडायचं, "पुरेल" किंवा "नाही पुरणार." मग घड्याळ लावून बघायचं, कोण बरोबर. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळी चुकली, आणि सगळी एकाच बाजूला. सगळ्यांना वाटत होतं, पुरेल. बाईंनी ते त्यांना दाखवलं. "बघा, आपला डोळा उतावळा आहे. त्याला माहीत नाही की समोरचाही धावतोय." उन्हाळ्यापर्यंत पोरांचे डोळे सुधारले. वडील निवृत्त झाल्यावर तेही टेकडीवर जाऊन बसायचे, खिशात सूर्यफुलाच्या बिया, आणि पोरांच्या आधी हळूच म्हणायचे, "नाही पुरणार." बाई डोळे वटारायच्या.

हे बरीच वर्षं चाललं. मग देशातली व्यवस्था बदलली. बुकोवेट्सचा कारखाना बंद झाला, बस बंद झाली, माणसं स्पेनला, जर्मनीला गेली. पोरांच्या हातात बाहेरून आलेल्या जुन्या, पण आमच्या मोस्कविचच्या तिप्पट जोराच्या गाड्या आल्या. वर्ग अर्धा झाला, मग पाव.

त्याच सुमारास एका सुट्टीत रादोय आला. शाळेत ढ, बाईंनी त्याला कशीबशी तीनची श्रेणी देऊन ढकललेला. आता मोठा ट्रक घेऊन जर्मनीपर्यंत जायचा. आमच्या अंगणात द्राक्षवेलीखाली बाई, वडील, आई बसले होते, मी टोमॅटो चिरत होते. रादोयने जर्मन चॉकलेटचा डबा ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगायला लागला. हंगेरीतला सपाट रस्ता, पुढे एक रेंगाळणारी व्हॅन, समोर सगळं मोकळं. त्याने ट्रक बाहेर काढलासुद्धा होता.

"आणि एकदम पोटात काहीतरी झालं, बाई. म्हटलं, नाही पुरणार. का, ते कळलं नाही. परत आत घेतला. रस्त्याला पुढे खोलगट भाग होता, दिसत नव्हता. त्यातून एक मोटार वर आली. नवरा, बायको, मागे दोन पोरं. मी त्यांचे चेहरे बघितले." त्याने चॉकलेटचा डबा उगाच सरळ केला. "नशीब माझं."

"नशीब म्हणू नकोस," बाई म्हणाल्या. "बस. व्हॅनचा वेग किती होता?"

रादोय बसला. त्याला आठवेल तेवढं त्याने सांगितलं, आणि बाई बोटाने टेबलावरच्या मेणकापडावर हिशोब करत राहिल्या. मध्येच त्या थांबल्या, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. वडिलांनी कुणालाच न विचारता सगळ्यांच्या पेल्यात घरी गाळलेली राकिया ओतली, बाईंच्याही. त्यांनी ती घेतली. मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

वडील गेले, मागोमाग आई. शाळा गाब्रोवोच्या शाळेत विलीन झाली. चिनार रस्ता रुंद करताना तोडले. बाई औषधाच्या दुकानावरच्या त्याच खोलीत राहिल्या, खाली औषधांऐवजी आता मोबाइल विकायला लागले होते. मी प्लोव्दिवहून महिन्यातून एकदा जायची. गुरुवारीच जायची.

ऐंशी पूर्ण झाल्यावर त्या म्हणाल्या, एकदा पोमोरीएला नेशील का, बहीण फार थकलीय. मी त्यांना घेऊन नव्या महामार्गाने निघाले. जायला वेगळा रस्ता, यायला वेगळा, मध्ये कठडा. मी एकामागून एक गाड्या मागे टाकत होते आणि बाई पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन, काटा बघत बसल्या होत्या. मला वाटलं घाबरल्या.

"हळू करू का?"

"नको. समोरून इथे कुणीच येत नाही?"

"नाही, बाई."

त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "छान केलंय." आणि सीट थोडी मागे करून घेतली. यांबोल मागे पडलं तेव्हा त्या झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, हात पर्सवर. समुद्राचा वास आला तशी आपणहून जाग्या झाल्या.

बहीण फाटकातच खुर्ची टाकून बसली होती. तिने बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "इतका उशीर?"

"दहावीचं त्वरण राहिलं होतं," नेव्यानाबाई म्हणाल्या, आणि तळलेल्या माशांचा वास येत होता त्या दिशेने आत गेल्या.